आजोबांच्या बादलीत अंडे का बुडाले?

प्रश्न : मी वराळ्यात सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते, हा प्रयोग वर्गात करून दाखवला आणि तो जमलाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, पेरणीच्या वेळी आजोबांनी भाताचं बी निवडायला मिठाचं पाणी केलं होतं. त्यात मी अंडं सोडून बघितलं, तर ते सरळ तळाला गेलं. पोचट भात मात्र वर आलं. असं कसं?" लगेच दुसऱ्याने विचारले, मीठ पार दिसेनासे होते, तरी तो बदल रासायनिक का नाही? बदल उलटवता येतो तो भौतिक, येत नाही तो रासायनिक, असे मी शिकवते. पण मुलांच्या उदाहरणांपुढे हा नियम टिकेना. दोन्हींचा उलगडा कराल का?
— एक शिक्षिका, वराळे, ता. मावळ

उत्तर : त्या मुलीचे आधी कौतुक करा. वर्गातला प्रयोग तिने घरच्या बादलीत ताडून पाहिला आणि जुळेना तेव्हा सरळ विचारले. तिच्या आजोबांचे काही चुकलेले नाही आणि तुमचेही नाही. पाणी दोन्हीकडे खारेच होते, पण एक बेताचे खारे आणि दुसरे तोंडात धरवणार नाही इतके खारट.

भाताच्या बियाण्यासाठी आपल्याकडे शिफारस आहे ती ३ टक्के द्रावणाची, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. अशा पाण्याची घनता मिलिलिटरला १.०२ ग्रॅमच्या आसपास भरते. साध्या पाण्याची १. कोंबडीच्या ताज्या अंड्याची साधारण १.०८ ते १.०९. म्हणजे बादलीतले पाणी अंड्याहून विरळच राहिले, आणि अंड्याने तळ गाठला. अंडे वर यायचे तर लिटरला १२० ते १५० ग्रॅम मीठ लागते, आजोबांच्या चौपट-पाचपट. तुम्ही पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे भरून मीठ घातले असणार, म्हणून तुमचे जमले. समुद्राचे पाणीसुद्धा जेमतेम १.०२५ घनतेचे असते. अलिबागच्या किनाऱ्यावर बादलीभर पाणी घेऊन त्यात ताजे अंडे सोडा, तेही बुडेल. तेव्हा 'मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते' हे विधान अर्धेच आहे. किती पाण्यात किती मीठ, हे फळ्यावर ग्रॅममध्ये लिहिले तरच ते पुरे होते.

अंड्याचीही एक मेख आहे. कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यातून आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. अंड्याचा आकार तेवढाच राहतो, वजन मात्र घटते. फार जुने अंडे साध्या पाण्यातही वर येते ते यामुळे. म्हणून प्रयोगाला अंडे कालचे घेतले की महिन्यापूर्वीचे, हे मुलांना नोंदवायला लावा.

आता पोचट भाताकडे वळू. भरलेल्या दाण्यात बहुतेक सगळा स्टार्च असतो आणि स्टार्चची घनता दीडच्या घरात जाते. वरचे तूस आणि तुसाखाली अडकलेली हवा धरून अख्ख्या दाण्याची घनता १.१ ते १.२ पर्यंत उतरते, तरी तो आजोबांच्या पाण्यात बुडतोच. पळंजात, म्हणजे पोचट दाण्यात, तूसच तेवढे, आत हवा. ते वर येणारच. इथे एखादा चलाख मुलगा विचारील, की पळंज साध्या पाण्यावरही तरंगते, मग मीठ कशाला वाया घालवायचे? प्रश्न रास्त आहे. मीठ घालायचे ते अर्धवट भरलेल्या दाण्यांसाठी. असा दाणा साध्या पाण्यात कसाबसा बुडतो आणि भरल्या दाण्यांत मिसळून राबावर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, जातो. त्याचे रोप अशक्त निघते. पाण्याची घनता १ वरून १.०२ झाली की या काठावरच्या दाण्यांपैकी बरेच वर राहतात.

जपानमध्ये ही चाळणी फार कडक ठेवतात. योकोई तोकियोशी या कृषितज्ज्ञाने १८८२ च्या सुमारास तिथे खाऱ्या पाण्याने बी निवडण्याची रीत घालून दिली. साध्या, म्हणजे चिकट नसलेल्या भातासाठी तिथे १.१३ घनतेचे पाणी घेतात. त्याला लिटरला दोनशे ग्रॅमहून जास्त मीठ लागते. इतके खारे पाणी झाले की नाही हे जोखायला तिथले शेतकरी त्यात अंडे सोडून बघत. म्हणजे तुमच्या वर्गातला प्रयोग तिकडे बांधावर चालत आला आहे! आपली शिफारस सौम्य आहे आणि माझ्या मते ती तशीच बरी. घरचे बी मोजके असते. फार कडक पाण्यात चालण्याजोगे दाणेही टाकून द्यावे लागतील आणि मिठाचा खर्च वाढेल तो वेगळाच.

बी निवडण्याचा प्रयोग वर्गात कराल तेव्हा एक गोष्ट सांभाळा. भात पाण्यात ओतले की पहिल्या क्षणी चांगले दाणेसुद्धा वर रेंगाळतात. तुसावर बारीक लव असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात, आणि कोरडा दाणा पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून राहतो. तेवढ्यावर निकाल देऊ नका. हाताने दोन-तीनदा चांगले ढवळा, पाणी स्थिर होऊ द्या, मग वर उरलेले गाळणीने काढा. उलट फार वेळ ठेवले तर पळंजात पाणी शिरते, हवा निघून जाते आणि तेही खाली बसू लागते. शेतकरी हे काम झटपट उरकतात ते म्हणूनच. खाली बसलेले बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात, कारण मीठ राहिले तर उगवणीला बाधते. नंतर त्याला थायरमसारखे बुरशीनाशक चोळतात. वर्गात आणायचे बी मात्र औषध न चोळलेलेच घ्या.

भाताची घनता मुलांना स्वतः काढू द्या. ५० ग्रॅम निवडलेले भात तोलून घ्या. मोजपात्रात १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात ते सोडा, ढवळा आणि पाणी कुठवर चढले ते बघा. समजा १४३ पर्यंत चढले, तर दाण्यांनी ४३ मिलिलिटर जागा घेतली. ५० भागिले ४३, म्हणजे १.१६. हाच हिशेब पळंजावर करायला गेले की ते तरंगते आणि मोजता येत नाही. तेव्हा काय करायचे, हे मुलांनाच सुचू द्या. कोणी काडीने दाबून धरील, कोणी जाळीच्या पिशवीत गोटा घालून बुडवील. गोट्याची जागा वजा करायची हेही त्यांच्याच लक्षात येईल. घनतेचे सूत्र चार वेळा लिहून घेण्यापेक्षा ही खटपट मला मोलाची वाटते.

या प्रयोगांना इंद्रायणी भाताचेच बी घ्या. ते मुलांच्या घरचे असते आणि त्याचा जन्मही जवळचाच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून हा वाण काढला. तो १९८७ साली शेतकऱ्यांकडे गेला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर ८ चे उत्पन्न या दोन्हींची सांगड त्यात घातलेली आहे.

दुसरा प्रश्न मिठाच्या विरघळण्याचा. तुमच्या विद्यार्थ्याला संशय आला तो योग्य ठिकाणी. अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवा. तराजूवर ठेवाल तर बरोबर ६०० ग्रॅम भरेल, मीठ कुठेही गेलेले नाही. आता पाण्याची पातळी बघा. १०० ग्रॅम मिठाचे स्वतःचे आकारमान सुमारे ४६ मिलिलिटर असते, पण पाणी चढते ते ३५ च्या आसपासच. दहा-अकरा मिलिलिटरचा हिशेब लागत नाही! मिठाचा स्फटिक म्हणजे सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांची चळत. पाण्यात ती मोडते, आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू नेहमीपेक्षा दाटीने जमतात. जागा कमी लागते ती त्यामुळे. वजनाची बेरीज होते, आकारमानाची होईलच असे नाही.

एवढी उलथापालथ होऊनही हा बदल भौतिक धरतात, कारण नवा पदार्थ तयार झालेला नाही. आधीही सोडियम आणि क्लोराइडचे आयनच होते, नंतरही तेच आहेत. ताटलीत पाणी आटवले की तेच मीठ हाती येते. स्फटिकातले बंध सुटतात म्हणून काही रसायनतज्ज्ञ याला सीमेवरचे उदाहरण म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सातवीत हा वाद उकरू नये, पण कोणी खोदून विचारलेच तर दडवूही नये.

खरी अडचण तुमच्या नियमात आहे. तो बऱ्याच शिक्षकांच्या तोंडी असतो आणि परीक्षेपुरता चालूनही जातो. पण ज्वारी दळली की पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, काच फुटली की सांधत नाही. हे बदल भौतिकच. भात शिजवला की परत तांदूळ होत नाही, मग तो रासायनिक का? तांदळावर आणि गार झालेल्या शितावर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाका. दोन्हीकडे निळा-काळा रंग येतो. स्टार्च स्टार्चच राहिला. पाणी पिऊन त्याचे कण फुगले आणि त्यांची आतली रचना विस्कटली, एवढेच. तीच शिते तव्यावर करपवली तर गोष्ट वेगळी.

उलट बाजूचे उदाहरण हळदीचे. हळद लागलेल्या कपड्यावर साबण पडला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. पूर्वी हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करीत ते याच गुणावर. त्या लाल डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. पुन्हा साबण, पुन्हा लाल. बदल हवा तितक्या वेळा उलटवता येतो, तरी तो रासायनिकच आहे, कारण दर वेळी हळदीतल्या रंगद्रव्याचा रेणूच बदलतो. तेव्हा मुलांना 'परत आले का?' असे विचारण्याऐवजी 'नवे काय तयार झाले?' असे विचारायला लावा, आणि नुसत्या उत्तरावर न थांबता पुरावा मागा.

असा पुरावा राबात मिळतो. पेरणीआधी वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि राब भाजतात. डोक्यावरून आणलेल्या भाऱ्यांची पाटीभर राख उरते. बाकीचे गेले कुठे म्हणून विचारा. निम्मा वर्ग "जळून गेलं" म्हणेल. जळून म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन हवेत गेले, आणि जाताना हवेतला ऑक्सिजनही घेऊन गेले. उरलेली राख हा मूळचा पाला नव्हेच. ती पाण्यात कालवून निवळी घ्या, त्यात हळद लावलेला कागद बुडवा. कागद लालसर होतो, कारण राखेत पोटॅशचे क्षार आहेत आणि ते पाणी अल्कधर्मी झाले आहे. वाळक्या पाल्याच्या पाण्यात असे होत नाही. इथे नवा पदार्थ मुलांना डोळ्यांनी दिसतो.

(राब भाजू नये, गादीवाफे करावेत असा सल्ला हल्ली दिला जातो. टहाळासाठी झाडे तुटतात, धूर होतो, तेव्हा त्यात अर्थ आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत राब भाजण्याऐवजी भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात. रोपाला तिच्यातून सिलिका मिळते. प्रयोगापुरती राख चुलीतलीही चालेल.)

म्हणजे मुलांच्या घरच्या एका वाफ्यासाठी मीठ विरघळणे, पोचट निवडणे आणि राब भाजणे ही तिन्ही कामे ओळीने होतात. पुस्तकात हे विषय वेगवेगळ्या ठिकाणी येतात म्हणून तुम्हीही ते तसेच शिकवले पाहिजेत असे नाही.

प्रश्न : गुळाचा पाक करून चिक्की करतो, तेव्हा होणारा बदल भौतिक की रासायनिक? आमच्या घरात यावर पैज लागली आहे.
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : पैज बरोबरीत सोडवा. गूळ पाण्यात विरघळतो, पुढे ते पाणी आटते. हा भाग भौतिक. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने तुमच्याकडे नुसते पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पाणी आटत जाईल तसा पाक दाट होतो आणि त्याचे तापमान चढत जाते. थंड पाण्यात टाकलेला पाकाचा थेंब कडक होऊन मोडताना कट्‌कन वाजतो, तेव्हा ते १५० अंशांजवळ पोचलेले असते. या उष्णतेत रंग गडद होऊ लागतो आणि खमंग वास सुटतो. तिथे साखरेचे रेणू मोडून नवे पदार्थ बनत असतात, म्हणजे बदल रासायनिक झाला. अमुक क्षणी भौतिक संपले आणि रासायनिक सुरू झाले अशी रेघ मात्र कढईत सापडणार नाही. दोन्ही एकदम चालू असतात.

घरी कोणी पाकात चिमूटभर खायचा सोडा घालतात. तो तापून कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाकात बुडबुडे अडकतात आणि वडी खुसखुशीत होते. त्याच वजनाची वडी आता जास्त जागा घेते, म्हणून घनताही घटते. दुकानातून चिक्की घेताना वडीचा आकार न बघता वजन बघा.

प्रश्न : इन्व्हर्टरची बॅटरी तपासायला येणारा मेकॅनिक रबरी फुगा लावलेल्या काचेच्या नळीत आतले पाणी ओढून घेतो आणि आत तरंगणारी कांडी बघून बॅटरी चांगली की गेली ते सांगतो. त्याला नुसत्या तरंगण्यावरून हे कसे कळते?
— एक वाचक, कामशेत

उत्तर : ते पाणी नव्हे, सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते, तेव्हा हात लावू नका. बॅटरी वीज देते तेव्हा हे आम्ल शिशाच्या पट्ट्यांशी संयोग पावते. लेड सल्फेट तयार होते आणि पाणी सुटते. आम्ल कमी आणि पाणी जास्त झाल्याने द्रवाची घनता उतरते. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती १.२५ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्याही खाली जाते. कांडी दाट द्रवात वर राहते, विरळ द्रवात खाली जाते. वर्गात अंड्याने जे दाखवले तेच ही कांडी आकड्यांत दाखवते. फरक एवढा, की इथे घनता बदलते ती रासायनिक बदलामुळे. चार्जिंगला लावले की तीच क्रिया उलट फिरते आणि घनता पुन्हा चढते.

सहा कप्प्यांपैकी एकाचाच आकडा बराच खाली असेल तर तो कप्पा कामातून गेला असे समजतात. पण डिस्टिल्ड वॉटर घातल्या घातल्या मोजलेला आकडा धरू नका. नवे पाणी हलके असल्याने काही वेळ वरच राहते आणि नळीत तेवढेच ओढले जाते, त्यामुळे चांगली बॅटरीही बाद ठरते. मेकॅनिकने पाणी घालून लगेच नळी लावली, तर त्याला एक पूर्ण चार्जिंग होऊ द्यायला सांगा आणि मगच नव्या बॅटरीच्या किमतीची बोलणी करा.